रांगता डोंगर

बाबा फळ्यावर ज्वालामुखी काढायचे तेव्हा लाल खडू सगळ्यात शेवटी हातात घ्यायचे. आधी पांढऱ्या खडूने डोंगराची बाह्यरेषा, मग पोटातली पोकळी, तिथून वर गेलेली नळी, तोंडाशी खळगा. मग बाजूच्या थरांच्या पिवळ्या रेघा. आणि सगळा वर्ग गप्प झाला की लाल. रंगीत खडूंची पेटी शाळेला वर्षातून एकदाच मिळायची, त्यातला लाल खडू बाबा या एका धड्यासाठी खिशात जपून ठेवायचे. वाईच्या शाळेत त्यांनी ३१ वर्षं भूगोल शिकवला. आठवीत मी त्यांच्याच वर्गात होते, खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर. आकृती पूर्ण झाली की ते हात झटकायचे आणि खिडकीतून दिसणाऱ्या पांडवगडाकडे बोट करायचे. "आता तिकडे बघा. फळ्यावर काढलंय त्यातलं तिथं काहीच नाही. आपल्याकडे डोंगराला तोंड नव्हतं. शिवण उसवावी तशी जमीन उसवली होती."

त्या उसवलेल्या भेगांमधून साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वर आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा आला, पुन्हा थिजला. आज जवळजवळ पाच लाख चौरस किलोमीटरवर तो काळा दगड आहे. घाटावर आपण ज्यांना डोंगर म्हणतो ते बरेचसे त्या थरांचं उरलेलं अंग आहे. नद्यांनी आणि पावसाने बाजूचं वाहून नेल्यावर जे मागे राहिलं ते. लांबून त्यांच्या पायऱ्या दिसतात त्या याच थरांच्या. म्हणजे बाबा आयुष्यभर ज्वालामुखीच्या दगडावर राहिले, त्याच दगडाच्या घरात झोपले, त्याच दगडाच्या घाटावर पोहायला शिकले; पण ज्याच्यासाठी लाल खडू जपला तो तोंड असलेला, पोटात धग असलेला डोंगर त्यांनी कधी पाहिला नव्हता.

गेल्या जुलैत आईबाबा आमच्याकडे कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला आले, ही त्यांची तिसरी खेप. आधीच्या दोन खेपांत गोल्डन गेट, नायगारा, मंदिरं, मॉल सगळं झालं होतं. या वेळी विमानतळावरून घरी येतानाच बाबांनी विचारलं, "लासेन तुमच्यापासून किती लांब?" मी म्हटलं, गाडीने पाच तास. "मग जाऊ या." बाबांचं वय ७२. आई म्हणाली, "दगड तुम्ही दोघं बघा, मी नातवाजवळ थांबते," आणि तिने दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि तिळाच्या वड्या बांधून दिल्या.

कॅलिफोर्नियाच्या ईशान्येला कॅस्केड नावाची पर्वतरांग सुरू होते आणि उत्तरेकडे पार कॅनडापर्यंत जाते. तिच्या दक्षिण टोकाचा जागा ज्वालामुखी म्हणजे लासेन शिखर, उंची १०,४५७ फूट. तिथे पोचायला आधी सॅक्रामेंटोचं खोरं ओलांडावं लागतं: बदामाच्या, अक्रोडाच्या बागा, कॉर्निंगजवळ ऑलिव्हची झाडं, आणि रेड ब्लफला गाडीतून उतरलं की भट्टीचं दार उघडल्यासारखं ऊन. तिथून रस्ता चढू लागतो. ओक मागे पडतात, पाइन येतात, मग फर. बाबांनी काच खाली केली आणि दर हजार फुटांना हात बाहेर काढून हवा पाहत राहिले. दीड तासात आम्ही वैशाखातून माघात आलो. रस्त्याच्या कडेला, जुलै संपत आलेला असताना, मळकट बर्फाचे ढीग होते.

पार्कच्या दारातच एक सुंदर गोष्ट भेटली. तिथल्या माहिती केंद्राचं नाव आहे कोम याह-मा-नी. माउंटन मायडू लोकांच्या भाषेत या शिखराचं हे नाव, अर्थ बर्फाचा डोंगर. मायडू, अत्सुगेवी, याना आणि याही हे चार समाज हिवाळ्यात खाली राहायचे आणि बर्फ वितळला की शिकारीला, कंदमुळांना, टोपल्यांच्या काड्यांना इथे वर यायचे. नकाशावरचं लासेन हे नाव पीटर लासेन या डॅनिश लोहाराचं, जो १८४० च्या दशकात या भागात आला आणि पश्चिमेकडे निघालेल्या तांड्यांना वाट दाखवू लागला. ज्या डोंगराला हजारो वर्षं नाव होतं त्याला एका वाटाड्याचं नाव चिकटावं हे मला अजून पटत नाही. बाबांना मात्र तिथे दुसरंच काही भावलं. १९५० च्या दशकात सेलेना लामार या अत्सुगेवी बाईंनी इथे येणाऱ्यांना आपल्या लोकांचं जगणं शिकवलं: टोपल्या कशा विणायच्या, एकॉर्न म्हणजे ओकची फळं दळून खाण्याजोगी कशी करायची. या पार्कातल्या त्या पहिल्या स्त्री निसर्ग-मार्गदर्शक. बाबा त्यांची माहिती दोनदा वाचून पुढे सरकले.

दारापासून थोडं वर सल्फर वर्क्स नावाच्या जागी रस्त्याला लागूनच जमिनीतून वाफ निघते. गाडी थांबवून मी वाफेकडे पाहत होते, बाबा आकाशाकडे. त्यांनी बोट उचललं आणि डावीकडच्या ब्रोकऑफ शिखरापासून उजवीकडच्या कड्यापर्यंत हवेत एक उंच रेघ ओढली, मध्ये शंकूचं टोक करून. "इथे होता तो. आपण त्याच्या पोटात उभे आहोत." काही लाख वर्षांपूर्वी इथे एक फार मोठा थरांचा ज्वालामुखी होता. आतल्या गरम, आम्ल पाण्याने त्याचा दगड भुसभुशीत केला, मग हिमनद्यांनी तो खरवडून नेला. कडेची शिखरं तेवढी उरली आहेत, मोडक्या परडीच्या काठासारखी. बाबांच्या बोटाने गेलेली ती रेघ फळ्यावरच्या पांढऱ्या रेघेसारखीच होती, त्याच वेगाची, त्याच उताराची. फक्त या वेळी मागे फळा नव्हता.

बम्पस हेल नावाच्या जागेसाठी मी अर्धा दिवस राखून ठेवला होता आणि तो कमी पडला. हेलन तळ्याजवळ गाडी लावायची आणि डोंगराच्या कडेकडेने चालत जायचं, जाऊन-येऊन साधारण पाच किलोमीटर. तळ्यावर अजून बर्फाचे तुकडे तरंगत होते आणि त्यांच्या बुडाशी पाणी इतकं निळं होतं की बाबा म्हणाले, "हा रंग कापडात असता तर पक्का आहे का विचारलं असतं." वाटेत बर्फाच्या एका पट्ट्यावर फिकट गुलाबी छटा होती. ते एक शेवाळ, बर्फातच जगणारं. कडेला रुपेरी पानांची निळी ल्युपिनं. मग वास आला. आधी वाऱ्याच्या एखाद्या झुळकेबरोबर, मग वळणानंतर सगळीकडे: सडक्या अंड्याचा, गंधकाचा. आणि शेवटचं वळण घेतल्यावर खाली सोळा एकरांची एक वाटी, पांढरी, पिवळी, राखाडी, तांबूस, आणि तिच्यातून ठिकठिकाणी उठणारी वाफ.

बाबा वळणावरच थांबले. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही, मुद्दामच.

या जागेला नाव मिळालं ते केन्डल बम्पस या माणसावरून. १८६० च्या दशकात तो इथे फिरत होता आणि दुसऱ्यांना आणून दाखवत होता. वरची पातळ पापडी फुटली, पाय उकळत्या चिखलात गेला, आणि तो पाय पुढे कापावा लागला. आता तिथे लाकडी फळ्यांचा पूल आहे आणि त्यावरून उतरायची सक्त मनाई आहे. पूल नसता तर मीही गेले असते, कारण ती जमीन अगदी भरवशाची दिसते. पांढरट, सुकलेली, उन्हात तडकलेली, दुष्काळातल्या शेतासारखी. तिच्याखाली एक वीत अंतरावर पाणी उकळतंय हे कळायला कान लागतात.

आम्ही ऐकत उभे राहिलो. प्रत्येक तोंडाचा आवाज वेगळा. एका कुंडात करडा घट्ट चिखल फदफदत होता, थेट चुलीवरच्या पिठल्यासारखा. बुडबुडा फुगे, क्षणभर तकतकीत राही आणि फुटताना शिंतोडा उडवी. दुसऱ्या कुंडात काळसर पाणी खळखळत होतं आणि त्यावर सोनेरी चमकणारी साय होती, पायराइट या खनिजाच्या बारीक स्फटिकांची. आणि सगळ्यांवर ताण म्हणजे बिग बॉयलर नावाचं वाफेचं तोंड, कुकरची शिट्टी मध्येच न थांबता वाजत राहावी तसं. तिथली वाफ १६१ अंश सेल्सिअसपर्यंत मोजलेली आहे. बाबांनी लगेच हिशेब मांडला. या उंचीवर पाणी साधारण ९२ अंशांनाच उकळतं. मग ही वाफ इतकी गरम, म्हणजे ती वरच्या पाण्याची नाही, खोलवरून येते आहे. बर्फाचं पाणी भेगांमधून मुरतं, खाली अजून न थिजलेल्या शिलारसाच्या धगीने तापतं आणि परत येतं. वाटेत गंधकाच्या आम्लाने दगडाची माती करत येतं. "लाल खडू," ते म्हणाले. इतकंच.

मला राजापूरजवळचं गरम पाण्याचं उन्हाळं आठवलं, आणि वज्रेश्वरीची कुंडं, जिथे आजी गुडघे शेकायला जायची. मी ते बोलून दाखवलं तर बाबांनी मान हलवली. कोकणातली उन्हाळी वेगळी. तिथे खाली शिलारस नाही; पाणी भेगांतून खूप खोल जातं आणि पृथ्वीच्या पोटातल्या साध्या उबेने तापून वर येतं. "आपली ऊब ही चूल विझल्यावरची ऊब. इथे चूल पेटलेली आहे." पुलावरून परतताना त्यांनी एका कुंडाशी पुन्हा थांबून हात जोडले. मीही जोडले. वज्रेश्वरीला आपण करतोच ना.

रात्री मंझानिटा तळ्याकाठच्या लाकडी खोपटात उतरलो. वीज नाही, नळ नाही. अस्वलांमुळे खाण्याच्या सगळ्या वस्तू बाहेरच्या लोखंडी पेटीत ठेवायच्या, अगदी टूथपेस्टसुद्धा. तिळाच्या वड्यांचा डबा पेटीत ठेवताना बाबा खूण म्हणून त्यावर एक दगड ठेवू लागले, मग स्वतःच थांबले. पेटीला कडी होती.

तळ्याच्या बाजूलाच एक छोटं दगडी संग्रहालय आहे. ते बांधलं बेंजामिन लूमिस या छायाचित्रकाराने, १९२७ मध्ये, मे नावाच्या आपल्या दिवंगत मुलीच्या आठवणीसाठी. पुढे त्याने आणि त्याच्या बायकोने ती इमारत आणि भोवतालची जमीन पार्कला देऊन टाकली. आत त्याने काढलेले फोटो लावले आहेत. लासेन ३० मे १९१४ रोजी जागा झाला. १४ जूनला लूमिसने काचेच्या प्लेटांवर एकामागून एक फोटो घेतले: शांत शिखर, मग एक गाठोडं, मग त्या गाठोड्याचं झाड, मग अख्खं आकाश. बाबा त्या फोटोंसमोर बराच वेळ उभे होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "आप्पांचा जन्म १९१४ चा."

आप्पा म्हणजे माझे आजोबा. ज्या वर्षी कृष्णाकाठी आमच्या आजोबांना पाचवीला पुजलं, त्या वर्षी हा डोंगर जागा होत होता. डोंगर आणि आपला माणूस एकाच वयाचे असू शकतात हे मला त्या पायरीवर बसून पहिल्यांदा वाटलं. एरवी डोंगर म्हणजे आधीपासून असलेला. आपल्या बोलण्यात तो तसाच येतो: डोंगराएवढा, डोंगरासारखा. डोंगराला जन्मवर्ष विचारत नाहीत.

या डोंगराला विचारता येतं. लासेनचा घुमट सुमारे २७,००० वर्षांपूर्वी वर आला, आणि तेही काही थोड्या वर्षांत. बाबांनी हे मला गुऱ्हाळाच्या भाषेत समजावलं, तळ्याकाठी अंधारात. आमच्याकडचा काळा दगड, बसाल्ट, म्हणजे काकवी. पातळ, ओतली की पळत जाणार, मैलोगणती. लासेनचा दगड डेसाइट, त्यात सिलिका जास्त, म्हणून तो काहिलीतला शेवटचा पाक. उलथण्यावरून पडतच नाही. भेगेतून वर आला की वाहत नाही, तिथेच ढेपेसारखा उभा राहतो. अशा घुमटांमध्ये लासेन जगातल्या मोठ्यांपैकी एक. आणि पाक घट्ट असल्यामुळेच आतली वाफ कोंडते, आणि कोंडली की फुटते. "सत्तावीस हजार," बाबा म्हणाले, "आणि आपले साडेसहा कोटी. अगं, हा डोंगर अजून रांगतोय." वर चांदण्या इतक्या दाट होत्या की ओळखीची नक्षत्रं गर्दीत हरवली होती. समोर पाण्यात त्या रांगत्या डोंगराचं प्रतिबिंब पडलं होतं, जरासुद्धा न हलता.

दुसऱ्या दिवशी शिखर. वाट सुरू होते तिथेच उंची ८,५०० फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दीडपटीहून जास्त. तिथून चार किलोमीटरांत आणखी सुमारे २,००० फूट चढायचं. वाट वळणावळणाची, नीट बांधलेली, पण हवा विरळ. माथ्यावर तर समुद्रकाठच्या हवेच्या दोन-तृतीयांशच दाब उरतो. पहाटे लवकर निघालो. बाबा सह्याद्रीतल्या चालीने चालत होते, बारीक पावलं, नाकाने श्वास, न बोलता. पहिला दीडेक किलोमीटर झाला तसे ते एका वाकड्या, वाऱ्याने पिळवटलेल्या पाइनच्या झाडाशी थांबले. कपाळ दुखू लागलं होतं. मी काही म्हणायच्या आत त्यांनी पिशवी खाली ठेवली. "माझा माथा हा. गडावर कुठे थांबायचं ते मी इतक्या पोरांना सांगितलंय, मला कळतं. तू जा. वर काय दिसतं ते नीट बघून ये, मला सांगायचंय तुला." त्यांच्याजवळ पाणी, टोपी आणि दशमी ठेवून मी निघाले. येणारेजाणारे बरेच होते, तरी पहिल्या चार वळणांवर मी मागे वळून पाहिलं. चारही वेळा त्यांनी हात केला.

वर जाताना झाडं आधी माझ्या उंचीची झाली, मग गुडघ्याएवढी, मग संपली. उरली ती राखाडी, गुलाबी, तुटकी खडी. काही ठिकाणी वाट बर्फावरून गेली. प्रत्येक वळणावर मी ठरवून शंभर श्वास मोजले. शेवटच्या टप्प्यावर फुलपाखरं भेटली, केशरी आणि काळी, शेकडो, १०,००० फुटांवर, जिथे एक फूल नव्हतं. वाऱ्याच्या उलट दिशेला ती खडकांवर पंख मिटून बसलेली आणि ऊन आलं की सगळी एकदम उघडत.

माथ्यावर १९१५ सालचा दगड आहे. बाकी डोंगरापेक्षा काळा, धारदार, अजून कशानेही न घासलेला. १९ मे १९१५ च्या रात्री शिखरावरचा ताजा लाव्हा फुटला, त्याचे तापलेले ठोकळे ईशान्येच्या उतारावरच्या बर्फावर कोसळले, बर्फ वितळला आणि चिखलाचा लोंढा हॅट क्रीकच्या खोऱ्यात उतरला. खाली राहणाऱ्या एका माणसाला त्याच्या कुत्र्याने उठवलं. तो धावत जाऊन शेजाऱ्यांना सांगत सुटला आणि माणसं वाचली. तीन दिवसांनी, २२ मेला दुपारी, सगळ्यात मोठा स्फोट झाला. राखेचा खांब ३०,००० फुटांपर्यंत चढला आणि राख पूर्वेला ३०० किलोमीटरांवरच्या नेवाडातल्या गावांवर पडली. पुढच्याच वर्षी, ९ ऑगस्ट १९१६ रोजी, हा सगळा प्रदेश राष्ट्रीय उद्यान झाला, डोंगर अजून मधूनमधून वाफा सोडत असताना. ज्यांनी हा निर्णय घेतला त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. धोक्याच्या जागेला कुंपण घालून विसरून जाता आलं असतं.

त्या काळ्या खडकाला टेकून मी बाबांसाठी पाठांतर केलं. उत्तर-पश्चिमेला शास्ता, पांढराशुभ्र, १४,००० फुटांवरचा, एकटा. पश्चिमेला धुक्यात सॅक्रामेंटोचं खोरं. आग्नेयेला अल्मनोर जलाशय. आणि पूर्वेला, पार क्षितिजापर्यंत, करडी जमीन. ते पाहायची तयारी नव्हती. २०२१ च्या डिक्सी वणव्यात पार्कचा जवळजवळ ७० टक्के भाग जळाला किंवा होरपळला. वणव्याची व्याप्ती साडेनऊ लाख एकरांवर गेली. हार्कनेस डोंगरावरची वणव्यावर नजर ठेवायची जुनी चौकीही त्यातच गेली. वरून ती उभी जळकी खोडं दिसत नाहीत, नुसता रंग दिसतो, धुऊन विटलेल्या घोंगडीसारखा. मध्ये मध्ये मात्र ओल्या जागी हिरवं आहे. ज्वालामुखीचं मी ऐकून आले होते, त्याचं वाईट वाटलं नाही. या आगीचं वाटलं. त्या वर्षीची पाखरं, पाइनच्या राया, उन्हाळ्यातला तो सुकून कोळसा झालेला प्रदेश, हे डोंगराने केलेलं नव्हतं.

उतरून आले तेव्हा तीन तास होऊन गेले होते. बाबा त्याच झाडाखाली, टोपी गुडघ्यावर. मी सांगायच्या आधी त्यांनीच सुरुवात केली. एक राखाडी-काळा पक्षी, कावळ्याच्या जातीचा, सारखा येत होता, शंकूतून बिया काढत होता आणि खडीत पुरत होता. क्लार्कचा नटक्रॅकर. या उंचीवरच्या व्हाइटबार्क पाइनचा शंकू आपणहून उघडत नाही. हा पक्षी बिया काढतो, हजारो जागी पुरून ठेवतो, हिवाळ्यात बऱ्याच शोधून खातो, आणि राहिलेल्यांची झाडं होतात. नाव त्यांना एका वाटसरूने सांगितलं, बाकीचं त्यांनी पाहिलं. "बावीस वेळा आला," बाबा म्हणाले. "आता तुझं सांग." मी सांगत गेले. पूर्वेचं सांगताना ते काही बोलले नाहीत, फक्त पाण्याची बाटली माझ्या हातात दिली.

परतताना डिव्हॅस्टेटेड एरियात थांबलो, जिथून १९१५ चा तो लोंढा गेला होता. नाव उद्ध्वस्त भूमी, आणि आज तिथे पाइनची, ॲस्पेनची झाडं आहेत. १९१५ च्या ज्वालामुखीचा इथला प्युमिस, म्हणजे भोकाभोकांचा हलका दगड, पट्ट्यापट्ट्यांचा असतो: फिक्कट डेसाइट आणि गडद अँडेसाइट. दोन वेगळे शिलारस पोटात भेटले आणि एकजीव होण्याआधीच बाहेर फेकले गेले. बाबा म्हणाले, अर्धवट घुसळलेलं ताक.

तिसऱ्या दिवशी पार्कच्या ईशान्य कोपऱ्यात गेलो, बट लेकला. कच्च्या रस्त्याने गाडी धुरळ्याने माखली. सिंडर कोन नावाच्या शंकूकडे जाणारी वाट काळ्या भुसभुशीत वाळूतून जाते, पावलं रुततात, आणि डाव्या हाताला सतत एक काळी भिंत सोबत करते, तीन पुरुष उंच, ठोकळ्यांचा नुसता ढीग. फँटॅस्टिक लाव्हा बेड्स म्हणतात त्याला. पुढे झाडांतून एकदम तो शंकू दिसतो, ७०० फूट उंच, काळा, इतका रेखीव की हाताने ओतल्यासारखा. घसारा म्हणजे काय ते सह्याद्रीत भटकणाऱ्यांना सांगायला नको; हा अख्खा डोंगरच घसारा आहे, आणि त्यावरून लोक दोन पावलं वर आणि एक खाली करत चढत होते. पायथ्याशी रंगीत टेकड्या, तांबड्या आणि नारिंगी. गरम लाव्ह्यावर राख पडून तिचं लोखंड गंजलं, त्याचा तो रंग.

हा शंकू १८५० च्या सुमारास उफाळला असं बरीच वर्षं मानलं जात होतं, कारण सोन्याच्या शोधात आलेल्यांनी आग पाहिल्याचं सांगितलं होतं. मग आसपासच्या झाडांच्या खोडातली वर्तुळं आणि दगडात गोठलेली चुंबकाची दिशा तपासली गेली आणि साल निघालं साधारण १६६६. माहितीफलकावर तो आकडा वाचून बाबा माझ्याकडे वळले. त्यांनी काही म्हणायच्या आधीच मी म्हटलं, "आग्र्याहून सुटका." त्यांच्या डोळ्यांत आठवीच्या वर्गातला आनंद होता, बरोबर उत्तर आल्यावरचा. महाराज घराकडे निघाले होते तेव्हा इथे हा डोंगर नुकता जन्माला येत होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, आणि तरी आम्हा दोघांना त्या आकड्यामुळे तो शंकू एकदम जवळचा वाटला.

शंकू चढायचा नाही असं आधीच ठरलं होतं. बाबा काळ्या भिंतीपाशी जाऊन बसले. पायाशी सुटलेला एक दगड त्यांनी उचलला, मुठीएवढा. वजन पाहिलं, फिरवला, उन्हात धरला. बारीक भोकं, काळा, किंचित निळसर, कडेला जरासा तांबूस. लासेनचा करडा दगड ते दोन दिवस हाताळत होते, पण असा नव्हता धरला. हा बसाल्टच्या फार जवळचा दगड आहे, डेसाइटपेक्षा पातळ लाव्ह्याचा. म्हणूनच तो वाहत इतका लांब आला.

"हा आपल्याकडचा," बाबा म्हणाले. "आपला असाच असणार, नवा होता तेव्हा."

वाईच्या घरी माडीवर त्यांची एक जुनी ट्रंक आहे. तीत वेगवेगळ्या गडांवरून, घाटांतून, विहिरींच्या खोदकामातून आणलेले दगड, प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. ३१ वर्षं ते दगड वर्गात हातोहात फिरले, पोरांच्या घामाने गुळगुळीत झाले. त्या ट्रंकेत एक जागा आहे हे आम्हा दोघांना माहीत होतं. या पार्कातून खडासुद्धा नेता येत नाही हेही दोघांना माहीत होतं.

बाबा तो दगड मांडीवर घेऊन बसून राहिले. मी तिळाच्या वड्या काढल्या, दोघांनी खाल्ल्या. निघताना ते वाकले आणि वाळूत त्या दगडाचा उमटलेला खळगा शोधू लागले. सापडला. दगड ठेवला, मग पुन्हा उचलला.

"तांबूस बाजू खाली होती का गं?"

"हो."

त्यांनी तो उलटा केला, खळग्यात बसवला, आणि भोवतालची वाळू बोटाने सारखी केली.